नमाजाची वेळ सांगायला माझा ठावठिकाणा कशाला हवा?

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला : नमाजाच्या वेळा दाखवणारं अमुक ॲप ताबडतोब काढून टाका, ते मुसलमानांची माहिती अमेरिकन लष्कराला विकतं. मामूंनी लगेच लिहिलं, “सगळं कारस्थान आहे.” चुलतभाऊ म्हणाला, “आपण काय चोर आहोत? लपवायला आहे काय आपल्याकडे?” मग सगळ्यांनी मला विचारलं, कारण मी सॉफ्टवेअरवाला. मीही कामाच्या गडबडीत लिहून टाकलं, “सगळीच ॲप्स असं करतात, सोडा.”

दहा मिनिटांत तीन मतं झाली. तिघांपैकी कुणीही काही वाचलं नव्हतं. त्यात माझं मत सगळ्यात घातक, कारण इंजिनिअरचं म्हणून घरच्यांनी ते खरं धरलं.

नंतर बसून वाचलं. प्रकरण नोव्हेंबर २०२० चं. ‘मदरबोर्ड’ या तंत्रज्ञानविषयक अमेरिकी संकेतस्थळानं ते उघड केलं. ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप तोवर नऊ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झालं होतं. त्यात ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीचा कोड बसवलेला होता. ॲप बनवणारे असा बाहेरचा तयार कोड नेहमीच वापरतात. एक्स-मोड तर तो बसवण्याचे पैसे देत असे. हा कोड फोनचं ठिकाण, वायफायचं नाव, वेळ आणि फोनचं मॉडेल कंपनीकडे पाठवायचा. कंपनी ती माहिती पुढे विकायची आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी संरक्षण खात्याचे कंत्राटदार होते.

म्हणजे ‘ॲपनं लष्कराला माहिती विकली’ हे नेमकं नाही. मुस्लिम प्रोनंही ते नाकारलं. पण त्याच वेळी एक्स-मोडसकट सगळ्या डेटा भागीदारांशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगलनं ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढायला लावला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीवर कारवाई केली. दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा संवेदनशील जागांची माहिती विकायला तिला मनाई झाली. ‘सगळेच करतात, सोडा’ असं म्हणून सगळे गप्प बसले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. नमाजाची वेळ सूर्याच्या स्थितीवरून निघते. त्यासाठी तारीख, अक्षांश आणि रेखांश पुरतात. हिशेब फोन इंटरनेटशिवायही करतो. एक अंश रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो आणि आपल्या महाराष्ट्रात एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकलात, तर वेळ दोन-तीन सेकंदांनी बदलते. म्हणजे ॲपला ‘पुणे’ किंवा ‘औरंगाबाद’ एवढं कळलं तरी पुरे. तुम्ही कुठल्या गल्लीत राहता, फजरला कुठल्या मशिदीत जाता आणि तिथून कुणाच्या घरी जाता, हे त्याला कशाला हवं?

‘लपवायला काय आहे’ म्हणणाऱ्या चुलतभावाला मी एवढंच विचारलं : जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या ॲपवर ज्या मुस्लिम मुलींचे फोटो लिलावाला मांडले, त्या काय लपवत होत्या? त्यांनी ते फोटो स्वतःच उघडपणे टाकले होते. प्रश्न लपवण्याचा नाहीच. माझी माहिती कुणाच्या हाती जाते आणि तो तिचं काय करतो, हा प्रश्न आहे.

मामूंचं ‘कारस्थान’ही असंच सोयीचं. सगळंच कारस्थान म्हटलं की कुणाला जाब विचारायचं कारण उरत नाही. इथे तर साधा धंदा होता : पैसे मिळाले, कोड बसवला. धंद्याला जाब विचारता येतो, नियम लावता येतात. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तत्त्व आहे की संमती फक्त सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. सरकारला त्यात भरपूर सवलती ठेवल्या आहेत, त्यावरही बोलायला हवं. पण बोलायचं तर आधी वाचावं लागेल. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय पुढे ढकलायची नाही, ही आपल्या चळवळीची शिकवण फक्त मौलवींच्या वक्तव्यांपुरती नसावी. फॉरवर्ड मेसेजलाही ती लागू आहे आणि इंजिनिअर भाच्याच्या मतालाही.

त्या रात्री अम्मीचा फोन पाहिला. तिच्या नमाजाच्या ॲपला ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ दिलेली होती. ती बंद केली आणि शहराचं नाव हातानं भरलं. एक मिनिट लागलं. दुसऱ्या दिवशी मगरीबची वेळ मशिदीतल्या तक्त्याशी ताडून पाहिली; तंतोतंत जुळली. मग ग्रुपवर लिहिलं, “माझं आधीचं मत चुकीचं होतं,” आणि खाली परवानगी कशी बंद करायची ते टाकलं.

तुमच्याही घरात ‘तू सांग’ म्हणून तुमच्याकडे पाहणारं कुणीतरी असेल. उत्तर देण्याआधी थोडं वाचा. आणि आज घरातला एक तरी फोन तपासा.