जिनिव्हाचं नाव, दिल्लीचा डाव

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला, एक यवतमाळवरून नागपूरला. तिन्ही रस्त्यांनी पुढारी येतात. झेंडे वेगळे असतात, पण सोयाबीनच्या भावाचं विचारलं की उत्तर एकच: ‘आंतरराष्ट्रीय करार आहेत हो, आमचे हात बांधलेत.’ कोणता करार, कोणतं कलम, असं पुढे विचारलं तर साहेबांना पुढच्या सभेची घाई झालेली असते.

तर मीच सांगतो. करार 1947 चा, गॅट. पहिल्या 23 देशांत भारत होता. त्याचं तिसरं कलम असं की बाहेरचा माल एकदा आयात शुल्क भरून आत आला, की कर, विक्री, वाहतूक, नियम यांत त्याला तशाच देशी मालापेक्षा वाईट वागवायचं नाही. इटलीनं हे मोडलं होतं. इटालियन ट्रॅक्टर-अवजारं घेणाऱ्या शेतकऱ्याला तिथलं सरकार स्वस्त कर्ज देई, इंग्लंडचा ट्रॅक्टर घेणाऱ्याला नाही. इंग्लंडनं तक्रार केली आणि 1958 मध्ये निकाल इटलीविरुद्ध गेला. आपल्यालाही चटका बसला आहे. राष्ट्रीय सौर अभियानात देशी सोलर सेलची अट घातली म्हणून अमेरिकेनं आपल्याला गॅटचा वारसा चालवणाऱ्या, जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत खेचलं आणि 2016 मध्ये आपण हरलो. दात असलेलं कलम आहे, खोटं नाही.

पण ते उलटं करून वाचा. देशी मालाला परदेशी मालापेक्षा वाईट वागवू नका, असं त्यात कुठेही नाही. पाहुण्याला उपाशी ठेवायला बंदी आहे, घरच्याला ठेवायला नाही. ही मोकळी जागा आपल्या राज्यकर्त्यांनी बरोबर हेरली, आणि गेली कित्येक वर्षं तिथेच त्यांचं शेतीधोरण चाललं आहे.

खाद्यतेलाचं घ्या. सीमेवर किती शुल्क लावायचं हा तिसऱ्या कलमाचा विषयच नाही. त्याची कमाल मर्यादा प्रत्येक देशानं वेगळी लिहून दिली आहे. सोयाबीन तेलावर आपली मर्यादा 45 टक्के, पामतेलावर 300. म्हणजे जिनिव्हा म्हणते, लावा. दिल्लीनं सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क अधिभारांसह साडेसत्तावीस टक्के केलं, तेव्हा आमच्याकडे जरा बरं वाटलं. 30 मे 2025 ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते साडेसोळावर आणलं. वर त्याच हंगामासाठी सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये हमीभाव जाहीर करून टाळ्या घेतल्या. मोंढ्यात माझ्या पोत्यात हात घालून अडत्या ‘हवा जास्त आहे, मातेरं आहे’ म्हणत पट्टी कापतो, तेव्हा तो हमीभाव कुठल्या भिंतीवर टांगलेला असतो ते मला अजून दिसलेलं नाही.

आता याहून मोठा विनोद. जनुकीय बदल केलेलं, म्हणजे जीएम, सोयाबीन पेरायला मला कायद्यानं परवानगी नाही. तसल्याच सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून येतं, ते मात्र बिनदिक्कत. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कुक्कुटपालनवाल्यांनी ओरड केली आणि सरकारनं 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. कारण काय, तर पेंडीत जिवंत बी नसतं. म्हणजे परदेशी शेतकऱ्यानं पिकवून, दळून, मारून पाठवलेलं चालतं, इथल्या मातीत उगवलेलं चालत नाही. आमचा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला.

कापसाचंही तेच. 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आमची वेचणी कधी असते हे अधिकाऱ्यांना माहीत नसेल, असं मी मानत नाही. तुरीची कथा तर आणखी जुनी. 2006 ते 2017 डाळींच्या निर्यातीवर बंदी, आणि मोझांबिकशी मात्र तूर आणायचा करार, 2016 चा. पुढे तुरीची आयात करमुक्त झाली. जानेवारी 2025 मध्ये, नवी तूर खळ्यात असताना, ती सवलत आणखी वर्षभर लांबवली. आमचा माल बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरचा आत येताना दार उघडून धरायचं, ही कुठली समानता?

शेतकरी संघटनेचे शरद जोशी गॅटच्या वाटाघाटींतल्या, शेतीव्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले तेव्हा त्यांना अमेरिकेचे हस्तक म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं: खुल्या बाजारापेक्षा आपलंच सरकार शेतकऱ्याला जास्त लुटतं. त्यांनी त्याला उणे सबसिडी म्हटलं. त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, बाजार आपोआप न्याय देईल ही तर नाहीच. पण डंकेलचे पुतळे जाळणाऱ्यांनी दिल्लीच्या कृषी भवनाकडे एक काडी जरी ओढली असती, तर बरं झालं असतं.

शहरातल्या माणसाला स्वस्त तेल नको का, असं कुणी म्हणेल. हवं ना. मग त्याची किंमत सरकारी तिजोरीतून द्या, माझ्या पट्टीतून कापू नका.

आणि वायदे बाजार. 20 डिसेंबर 2021 ला बाजार नियामक सेबीनं सोयाबीनचे वायदे बंद केले आणि त्यावर मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली. अमेरिकेतला सोयाबीनवाला शिकागोच्या बाजारात पुढच्या हंगामाचा भाव आज बांधून घेऊ शकतो. आमच्याकडच्या आखाडा बाळापूरच्या शेतकऱ्याला पेरण्याआधी पुढचा भाव बघायला जो एक फलक होता, तो आपल्याच माणसांनी पुसला. ही बंदी गॅटच्या कोणत्या कलमात लिहिली आहे, ते साहेबांनी मला दाखवावं.