रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्या, पण लोह रक्तात पोहोचले का?

गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये ‘राष्ट्रीय आयर्न प्लस उपक्रम’ आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ ही मोहीम आली. रक्तक्षयाचे प्रमाण दरवर्षी तीन टक्क्यांनी कमी करायचे, असे या मोहिमेचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५३.१ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांमध्ये ते ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये ४८ वरून ५४.२, तर मुलांमध्ये ५३.८ वरून ६८.९ टक्के अशी वाढ झाली. राज्यातील गरोदर स्त्रियांमध्ये मात्र ४९.३ वरून ४५.७ टक्के अशी थोडी घट दिसली.

या आकड्यांवर तज्ज्ञांमध्ये वाद आहे आणि तो निराधार नाही. ही पाहणी बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावर झाली होती. बोट दाबून थेंब काढला, की त्यात पेशींमधील पाणी मिसळून हिमोग्लोबिन खरे असते त्याहून कमी दिसू शकते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले. तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये सुमारे ४१ टक्के, तर १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींमध्ये सुमारे २८ टक्के रक्तक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये निकष सुधारले. दोन वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ ऐवजी १०.५ ग्रॅम केली.

मोजणीची पद्धत बदलल्यावर आकडा खाली येईल. तरीही दर पाच लहान मुलांपैकी दोघांना रक्तक्षय असणे ही काही दिलासा देणारी गोष्ट नाही. प्रसूतीत रक्तस्राव झाला, तर ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच सात ग्रॅमच्या खाली आहे, तिच्याकडे गमावण्यासारखे रक्तच नसते. लहान वयातील लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि पुढे रक्त भरून निघाले, तरी तो परिणाम पूर्ण पुसला जाईलच असे नाही. त्यामुळे गोळ्या, पोषक आहाराचा प्रचार आणि आता लोहयुक्त तांदूळ एवढे सगळे असताना लोह अडते कुठे, हा प्रश्न उरतोच.

ताटातले लोह आणि अंगी लागणारे लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते. पुरुषाच्या शरीरातून रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जाते. स्त्रीच्या बाबतीत पाळीचा हिशेब वेगळा धरावा लागतो. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे पाळीत ४० मिलिलीटर रक्त गेले तर २० मिलिग्रॅम लोह गेले, आणि अंगावर जास्त जात असेल तर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. ते दर महिन्याला अन्नातूनच भरून यावे लागते. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत पुरुषाला रोज १९, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे सांगितले आहे.

एक-दोन मिलिग्रॅमची तूट भरण्यासाठी २९ मिलिग्रॅम खायचे, याचे कारण शोषणात आहे. धान्ये, डाळी आणि पालेभाज्यांमधील लोहापैकी शंभरातले पाच ते दहा भागच आतड्यातून रक्तात जातात. मांस आणि मासळीतील लोह यापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते. घरात कलेजी, सुकट किंवा मासे चालत असतील, तर थोड्या प्रमाणातही त्यांचा उपयोग होतो, कारण त्याच ताटातील भाकरी-भाजीचे लोहही मग जास्त अंगी लागते.

शाकाहारी ताटात मोठा वाटा धान्याचा असतो. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सहा मिलिग्रॅम, नाचणी, गहू आणि ज्वारीत चार ते साडेचार मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. भाकरी मागे पडून भात वाढला, की ताटातले लोह गुपचूप कमी होते. उलट रक्तवाढीसाठी ज्यांची सर्वाधिक शिफारस होते, त्या बीट आणि डाळिंबात शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते. लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळते. हे पदार्थ वाईट नाहीत, पण त्यांच्या भरवशावर रक्तक्षय बरा होत नाही. माठ, राजगिऱ्याची भाजी, मटकी, हुलगे, चवळी, तीळ आणि अळीव यांचा आधार जास्त भक्कम आहे.

तेवढ्याच अन्नातून जास्त लोह मिळवण्याचे उपाय स्वयंपाकघरातच आहेत. कडधान्यांना मोड आणले, की लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळले, जेवणासोबत पेरू किंवा आवळा खाल्ला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली, तर कढईतले थोडे लोह अन्नात उतरते. याच्या नेमके उलट काम चहा करतो. जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. राज्यात लाखो घरांत सकाळची न्याहारी चहा-चपाती किंवा चहा-भाकरीची असते. तोच चहा न्याहारीच्या एक-दीड तास आधी किंवा नंतर घेतला, तर एक पैसाही खर्च न करता भाकरीतले लोह जास्त कामी येईल.

गोळी हातात, पोटात नाही

एका गरोदरपणात स्त्रीला एकूण सुमारे एक हजार मिलिग्रॅम जादा लोह लागते. शरीरातला साठा आधीच रिकामा असेल, तर केवळ आहारातून एवढी गरज भागत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. मात्र २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशात गरोदरपणी किमान १०० दिवस गोळ्या घेणाऱ्या माता ४४.१ टक्के होत्या. १८० दिवस घेणाऱ्या फक्त २६ टक्के. आधीच्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे सुधारलेले आहेत, तरीही चारपैकी तीन मातांनी गोळ्या पूर्ण केल्या नाहीत.

त्यामागची कारणे आशा सेविकांना तोंडपाठ असतात. मळमळ होते, पोट साफ होत नाही, शौचाला काळी होते, बाळ काळे होईल किंवा फार मोठे होऊन प्रसूती अडेल असे घरची मोठी माणसे सांगतात. शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहामुळे येतो आणि तो निरुपद्रवी असतो. बाळाच्या रंगाशी गोळीचा काहीही संबंध नाही. मळमळीवर रात्री झोपताना गोळी घेणे हा साधा उपाय आहे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात, पण गर्दीच्या तपासणीच्या दिवशी तीच दोन मिनिटे मिळत नाहीत.

दुसरी अडचण गोळी घेण्याच्या वेळेची आहे. गरोदर स्त्रीला लोहाबरोबर कॅल्शियमच्याही गोळ्या दिल्या जातात. दोन्ही एकाच पुडीत मिळतात आणि बऱ्याचदा एकाच घोटात घेतल्या जातात. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह त्यानंतर किमान दोन तासांनी, शक्य तर लिंबूपाण्याबरोबर घ्यावे. दूध किंवा चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त रक्त, हेही खरे नाही. लोहाची गोळी घेतली, की यकृतातून हेप्सिडीन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण दिवसभर आतड्याचे दार अर्धवट बंद ठेवते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांना लोह कमी असलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये असे आढळले, की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह रोजच्या गोळीपेक्षा चांगले शोषले जाते. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर हा पर्याय सुचवू शकतात. गरोदर स्त्रियांनी मात्र स्वतःच्या मनाने रोजची गोळी बदलू नये.

तांदळाकडून अपेक्षा किती?

सरकारी योजनांतील तांदूळ लोहयुक्त करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याचा पुरवठा डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी देऊन १७,०८२ कोटी रुपयांची तरतूद केली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्राने दाणे तयार करतात आणि १०० किलो तांदळात असे एक किलो दाणे घालतात. रेशनचा हा तांदूळ निवडताना ते वेगळे दिसतात, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून अनेक घरांत ते वेचून टाकले जातात. खरे तर लोह त्या दाण्यांतच असते.

या तांदळाच्या एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे, असा नियम आहे. महिन्याला माणशी पाच किलो तांदूळच मिळाला असे धरले, तरी रोज पाच ते सात मिलिग्रॅम लोहाची भर पडते. ही भर टाकाऊ नाही, पण २९ मिलिग्रॅमच्या गरजेपुढे ती अपुरी आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातही लोहयुक्त तांदळामुळे रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नसावा, असाच निष्कर्ष निघाला. एवढ्या मोठ्या खर्चातून डाळी, कडधान्ये, ज्वारी-बाजरी आणि अंडी गरिबांच्या ताटात किती वाढवता आली असती, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो

राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांमधील रक्तक्षयाचा मोठा हिस्सा फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळे असल्याचे दिसले. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्यामुळे दूध-दहीही बेताचे असणाऱ्या शाकाहारी घरांत ही शक्यता लक्षात ठेवावी लागते. गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत, तसेच नंदुरबारमध्ये सिकलसेल आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला लोहाची गरज आहे का, हे तपासूनच गोळ्या द्याव्या लागतात. कुणाला हुकवर्म असतो, कुणाची पाळी आठ-आठ दिवस चालते. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन घसरले, तर टॉनिक देण्याआधी मूळव्याध, अल्सर किंवा आतड्याचा कर्करोग यातून रक्त जाते आहे का, ते पाहायलाच हवे.

कार्यक्रमाचे यश किती गोळ्या वाटल्या यावर मोजले जाते, आणि खरी उणीव तिथे आहे. उपचार लागू पडतो आहे का, हे कळण्याची सोपी कसोटी नियमावलीतच दिलेली आहे. गरोदर स्त्रीने महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही, तर तिला वरच्या रुग्णालयात पाठवून कारण शोधायचे आणि गरजेप्रमाणे शिरेतून लोह द्यायचे. ही दुसरी तपासणी वेळेवर होते का, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने नोंदवले आणि जिल्ह्याच्या बैठकीत तोच आकडा विचारला गेला, तर कोणाला लोह लागू पडले आणि कोणाचा आजार वेगळा आहे, हे वेळीच कळेल.

घरच्या माणसांसाठीही हाच नियम आहे. गोळ्या सुरू केल्यावर महिन्याने रक्त तपासावे. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आले, तरी शरीरातला साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात. राज्यातील १५ ते १९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि घरी सर्वांच्या बरोबरीने वाढलेले ताट या मुलींना आज मिळाले, तर पुढे गरोदरपणात लागणारे हजार मिलिग्रॅम लोह रिकाम्या साठ्यातून शोधावे लागणार नाही.