कुलूपबंद तंत्रज्ञान

पुण्यात स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रो येते. वर एसटी आणि पीएमपीची वर्दळ आहेच. तरी हवेचा दाब आपण अजून फळ्यावरच शिकवतो. ब्रेक सोडताना बसखालून ‘फुस्स’ आवाज का येतो, हे आगारातल्या मेकॅनिकने टाकी आणि नळ्या दाखवून सांगितले, तर मुलांना वेगळी आकृती घोकावी लागणार नाही.

शाळेत असे हाताने शिकवायला पैसे नाहीत, हे रडगाणे पुरे. २०१६ पासून मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकण्याच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. अडते ते माणसापाशी. विज्ञानाच्या शिक्षकाच्या गळ्यात लॅबचे जादा काम पडते, आणि सेन्सर हरवला तर जाब कोणाला, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. वार्षिक पाहणीच्या दिवशी मात्र रोबो हमखास चालतो!

पुणे जिल्ह्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवड्यातला एक दिवस हाताने कामाचा. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती. शिकवायला गावातलेच कसबी कारागीर. मुले लोकांची खरी कामे करतात, त्यामुळे माप चुकले की लगेच कळते.

शहरातल्या शाळांनी हा धडा घेतलेला नाही. कारागिराला बीएड नसतानाही मानधनावर वर्गात येऊ द्यावे आणि वस्तू मोडल्याची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे शिक्षण विभागाने लेखी द्यावे.