गाडी कुणाच्या नावावर?

२०२५ च्या दिवाळीआधी पगार विभागाचा एक मेल आला. कंपनीने 'कार लीज योजना' सुरू केली होती. सोबत गाड्यांची यादी होती आणि यादीच्या अगदी वरच्या टोकाला ६० लाखांच्या घरातल्या लक्झरी सेडान होत्या. २२ सप्टेंबरपासून मोठ्या सेडानवरचा कर उपकरासह ४५ ते ४८ टक्क्यांवरून सरसकट ४० टक्क्यांवर आला होता, त्यामुळे किमतीही उतरल्या होत्या. टीममधले निम्मे लोक त्या दिवशी कोड सोडून एक्सेलमध्ये बसले होते. त्यात मीही होतो.

संध्याकाळी अब्बांना फोन केला. अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते, सांगली आगारातून निवृत्त झाले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर ऱ्हाणार?"

मी म्हणालो, "लीज कंपनीच्या."

"आणि ठोकली तर कुणाची?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा लेख त्या उत्तराच्या शोधातून आला आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्या वाचकांपैकी अनेक तरुणांनी हाच विषय काढला. कुणी नुकताच सीनियर इंजिनियर झाला आहे, कुणी आखातातून परतला आहे, कुणाचा दवाखाना चालू लागला आहे. घराण्यातली पहिली मोठी कमाई आणि त्यातून पहिली मोठी गाडी. ती लीजवर घ्यावी की विकत?

आधी आकडे पाहू. समजा, गाडीची एक्स-शोरूम किंमत ६० लाख आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे ७ लाख ८० हजार. विमा, नोंदणी वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७० लाख झाले असं मानू. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो, पण तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून तो सोडून देऊ.

विकत घ्यायची तर २० लाख आपले आणि ५० लाख कर्ज. ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १ लाख ३ हजार ८०० रुपये. साठ हप्त्यांचे ६२ लाख २८ हजार, त्यातलं १२ लाख २८ हजार नुसतं व्याज. पाच वर्षांनी गाडी २४ लाखांना विकली, तर गाडी वापरण्याचा खर्च झाला ५८ लाखांच्या वर. २० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर त्यांचे पाच वर्षांत २८ लाख झाले असते. ते ८ लाखही धरले, तर ६६ लाख.

आता लीज. समजा, जीएसटी धरून महिन्याला १ लाख ३० हजार भाडं आहे. पाच वर्षांचे ७८ लाख. महाग वाटतं, पण नोकरदाराला ही रक्कम कर कापण्याआधी पगारातून वळती होते. ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर वाचतो. त्या बदल्यात गाडीच्या सुविधेचं थोडं मूल्य आपल्या उत्पन्नात धरलं जातं. गाडी कामासाठी आणि घरासाठी, दोन्हीकडे वापरली जात असेल आणि चालवण्याचा खर्च कंपनी करत असेल, तर २०२५-२६ च्या नियमांनुसार हे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,४०० रुपये होतं. ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. म्हणजे महिन्याला जवळपास ४० हजार वाचले, पाच वर्षांत २४ लाख. निव्वळ खर्च ५४ लाख.

५४ विरुद्ध ६६. एक्सेलमध्ये लीज सरळ जिंकली. विमा आणि सर्व्हिसिंग दोन्हीकडे सारखंच धरून मी बाजूला ठेवलं होतं. त्या रात्री मी फॉर्म जवळजवळ भरला होता.

पण आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज करतो. प्रोग्राम बरोबर उत्तर देतोय म्हटलं की आधी तपासतो, त्याने काय गृहीत धरलंय. माझ्या तक्त्याने चार गोष्टी गृहीत धरल्या होत्या.

पहिली, माझा पगार. वर्षाला १५ लाख ६० हजार भाडं जाणार. ते सगळं ३० टक्क्यांच्या टप्प्यातून वजा व्हायचं तर नव्या करप्रणालीत, जिथे हा टप्पा २४ लाखांच्या वर सुरू होतो, करपात्र पगार ४० लाखांच्या आसपास हवा. पगार ३० लाख असेल तर बचतीचा काही भाग हवेत जातो आणि वर हातात येणारा पगार जवळपास अर्ध्यावर येतो. 'टॅक्स वाचतो' हे वाक्य कुणाच्या पगाराबद्दल आहे, हे मेलमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरी, कायदा. पाच वर्षं प्राप्तिकराचे नियम आहेत तसेच राहतील, हे कुणी सांगितलं? सुविधेचं ते मूल्य सरकारने वाढवलं की बचत तेवढी घटते. चालू वर्षाचा आकडा पगार विभागाकडून लेखी घ्यावा.

तिसरी, गाडीची नोंदणी. महाराष्ट्रात गाडी कंपनीच्या नावावर नोंदली तर रस्ता कर १३ नाही, २० टक्के लागतो. ६० लाखांवर हा फरक ४ लाख २० हजारांचा आहे. तो भाड्यात मुरवलेला असतो, वेगळा दिसत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी होती: साठ महिने नोकरी. माझ्या आधीच्या कंपनीत एका सहकाऱ्याने अशीच सेडान घेतली होती. एकोणिसाव्या महिन्यात त्याची अख्खी टीम कमी केली. नव्या कंपनीत लीज योजना नव्हती. त्याच्यापुढे दोन रस्ते होते: उरलेली रक्कम एकरकमी भरून करार मोडायचा, किंवा करसवलतीशिवाय भाडं भरत राहायचं. कर्जावर घेतली असती तरी हप्ता थांबला नसताच, हे खरं. पण ती गाडी तो विकू शकला असता, कर्ज फेडून मोकळा झाला असता. लीजची गाडी त्याला विकता येत नव्हती, कारण ती त्याची नव्हती. परत मात्र तो एकटाच करत होता.

इथे अब्बांचा प्रश्न पुन्हा आला. ठोकली तर कुणाची?

विमा कंपन्या गाडीची किंमत कशी धरतात ते पाहा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गाडी पूर्ण निकामी झाली, तर विमा घटलेल्या किमतीइतकाच मिळणार. लीज कंपनीचं येणं त्याहून जास्त असेल, तर मधला खड्डा कोण भरणार? अनेक करारांत त्याचं उत्तर 'वापरणारा' असंच असतं. मालकी एकाची आणि मालकीची जोखीम दुसऱ्याची.

आपल्यापैकी बरेच जण लीजकडे एका वेगळ्या कारणाने वळतात. व्याज नको. हप्त्यात व्याज असतं, भाड्यात नसतं, मग लीज बरी. मी मुफ्ती नाही आणि या मासिकाला फतवे काढायचे नाहीत. पण करार वाचता येणारा माणूस म्हणून एवढं सांगू शकतो की शब्द बदलल्याने हिशेब बदलत नाही. भाडं ठरवताना लीज कंपनी गाडीच्या किमतीतली घट आणि गुंतलेल्या पैशावरचा परतावा, दोन्ही धरते. इस्लामी वित्तव्यवहारात भाडेकराराला इजारा म्हणतात. त्याचे निकष ठरवणाऱ्या आओफी या बहरीनमधल्या संस्थेचं नववं मानक याच विषयावर आहे. त्यातला गाभा साधा आहे: वस्तू ज्याची, तिच्या मालकीची जोखीम त्याची. वापरणाऱ्याची चूक नसताना गाडी नष्ट झाली तर भाडं थांबलं पाहिजे. मालकीशी जोडलेली मोठी दुरुस्ती मालकाकडे असली पाहिजे. हे सगळं वापरणाऱ्यावर ढकललेला करार नावाने भाडं असला, तरी वागतो कर्जासारखा. ज्याला व्याजाची बाब मनापासून टोचते त्याने गाडीखालचं नाव न पाहता कलमं पाहावीत. आणि ज्याला टोचत नाही, त्यानेही तीच कलमं पाहावीत, कारण त्याचे पैसे त्याच कलमांतून जाणार आहेत.

म्हणजे लीज वाईट आणि खरेदी चांगली, असं नाही. पगार वरच्या टप्प्यात आहे, तीन-चार वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, नोकरी गेली तर करार मोडण्याची रक्कम महिनावार तक्त्यात लेखी दिली आहे आणि पूर्ण नुकसानीची जोखीम लीज कंपनी घेते आहे, तर लीज जरूर घ्यावी. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर विकत घ्यावी. कारण पाच वर्षांनंतर हप्ता संपतो आणि गाडी चालतच राहते. लीज घेणारा तोवर दुसऱ्या गाडीच्या भाड्याला लागलेला असतो. रोख घेता येत असेल तर व्याजाचे १२ लाख आधीच वाचले. तीन-चार वर्षांची वापरलेली सेडान हा चौथा रस्ता. किमतीतली मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. मात्र तिचे सुटे भाग आणि सर्व्हिसिंग नव्या गाडीच्याच भावाने होतं, हे विसरू नये.

एवढं सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरतो. एक्सेलमध्ये त्यासाठी रकाना नाही.

पुण्यात मी दोनदा भाड्याचं घर शोधलं. पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, सगळं तयार असायचं. फोनवर नाव सांगितलं की पलीकडे शांतता पसरायची आणि मग 'घर गेलं हो कालच' असं उत्तर यायचं. हा अनुभव तुमच्यापैकी कितीतरी जणांचा आहे. शोरूममध्ये असं कधीच घडत नाही. तिथे नाव सांगितलं की खुर्ची पुढे येते, कॉफी येते, 'सर' येतं. चाकणला आणि शेंद्र्याला जोडल्या जाणाऱ्या या गाड्या आपल्या नावाने कुणाला नाकारल्या जात नाहीत. त्या काचेच्या दालनात मला जे छान वाटलं, त्यात गाडीचा वाटा किती आणि त्या वागणुकीचा किती, हे मी स्वतःला विचारलं. खरं उत्तर मला आवडलं नाही.

इज्जत हवी असण्यात काहीच चूक नाही. पण लीजवर आणलेली इज्जत साठ महिन्यांनी परत करावी लागते. आणि गाडीने घराचा प्रश्न सुटत नाही, उलट अडतो. गृहकर्ज देताना बँक हातात येणारा पगार पाहते, आणि महिन्याला १ लाख ३० हजार भाडं वळतं झालेला पगार बँकेला छोटाच दिसतो. ज्या दारावर आपल्याला स्वतःचं नाव लावायचं आहे, ते दार पाच वर्षं पुढे जातं.

मी फॉर्म भरला नाही. जुनी गाडी अजून तीन वर्षं चालेल असं मेकॅनिक म्हणतो. कराचा फायदा वजा केला, तरी लीजपायी माझ्या हातात येणारा पगार महिन्याला सुमारे ९० हजारांनी घटणार होता. ते ९० हजार आता घराच्या डाउन पेमेंटसाठी वेगळ्या खात्यात जातात. टीममधल्या दोघांनी लीज घेतली. त्यांच्या हिशेबात ती बसत होती आणि एकाला तर मीच तक्ता करून दिला.

तुम्हीही शोरूममध्ये जाण्याआधी एका कागदावर चार उत्तरं लिहा. गाडी किती वर्षं वापरणार? नोकरी उद्या गेली तर बाहेर पडायला किती पैसे लागतील, आणि तो आकडा लेखी मिळाला आहे का? गाडी निकामी झाली तर नुकसान कुणाचं? आणि ही गाडी कुणी पाहिली नाही, तरी मला ती हवी आहे का? चारही उत्तरं स्वतःच्या हातांनी लिहिता आली, तर लीज घ्या नाहीतर विकत घ्या, फार चुकणार नाही.

परवा अब्बांना सांगितलं की गाडी घेतली नाही. ते म्हणाले, "बरं केलंस. आगारात तीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली मी. पण ठोकली असती तर आगाराची होती."