वर्दीतला समुपदेशक

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे अमेरिकेतल्या शाळांना कुलपे लागली. पाच कोटींहून अधिक मुले घरी बसली. त्यांपैकी सुमारे तीन कोटींचे दुपारचे जेवण शाळेतच होत असे, तेही तुटले. तेव्हा गावोगावी जेवणाची पाकिटे घेऊन जी माणसे दारात उभी राहिली, त्यांत पोलीसही होते. चौकीतले नव्हेत, शाळेवर नेमलेले. तिकडे त्यांना ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ म्हणतात. कमरेला पिस्तूल आणि बेड्या लावून हा माणूस एरवी शाळेच्या व्हरांड्यात उभा असतो. शाळाच बंद म्हटल्यावर त्याच्याकडे वेळ होता, गाडी होती आणि कोणते पोर कुठे राहते हेही त्याला ठाऊक होते. त्याने जेवण पोचवले, लॅपटॉप पोचवले, ऑनलाइन वर्गात न दिसणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन विचारपूस केली, कुणाच्या वाढदिवसाला गाडीचे दिवे लावून गल्लीतून फेरी मारली.

हे कुणीतरी करायलाच हवे होते आणि ज्यांनी केले त्यांचे आभारच मानायला हवेत. पण विचारपूस करायला आलेला पोलीस पोलीसच असतो. घरात खायला नाही, बाप पिऊन पडला आहे, थोरला भाऊ कुठल्याशा टोळक्यात फिरतो, हे शिक्षिकेला दिसले तर तिला मुलाची काळजी वाटते. पोलिसाला दिसले की त्याची नोंद होते आणि नोंदीला पुढे पाय फुटतात.

ते कुठवर जातात, हे फ्लोरिडातल्या पास्को काउंटीने दाखवले. तिथल्या शेरीफच्या, म्हणजे निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या कार्यालयाने एक यादी गुपचूप बनवली होती. पुढेमागे गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा शाळकरी मुलांची. ‘टॅम्पा बे टाइम्स’ने नोव्हेंबर २०२० मध्ये हे उघड केले, तेव्हा यादीत ४२० मुले होती. निकष काय? परीक्षेतले कमी गुण. वारंवार गैरहजेरी. घरातली मारहाण डोळ्यांदेखत पाहिलेली असणे. स्वतः अत्याचाराला बळी पडलेले असणे, हाही एक निकष! गुण आणि हजेरी शाळांकडून मिळे, घरची हकिकत बालकल्याण खात्याकडून. ना पालकांना पत्ता, ना मुलांना. साथीच्या वर्षी गुण आणि हजेरी कुठल्या गरीब घरातल्या मुलाची धड राहिली होती? त्यावर शेरीफ कार्यालयाचा खुलासा असा, की ही यादी मुलांना मदत आणि मार्गदर्शन करता यावे म्हणून आहे. तो खोटा मानायचे कारण नाही. खरा असेल तर जास्तच भीतिदायक आहे. कारण मदतीची यादी आणि संशयितांची यादी वेगळी ठेवायची असते, हेच तिथे कुणाच्या गावी नव्हते.

कोलोरॅडोतला प्रसंग लहान, पण त्याच जातीचा. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग चालू असताना बारा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाची खेळण्यातली बंदूक शिक्षिकेला पडद्यावर दिसली. शेरीफची माणसे घरी पोचली आणि मुलाला पाच दिवस निलंबित केले गेले. मूल शाळेत गेलेच नव्हते, शाळा त्याच्या घरात आली होती आणि तिच्यामागोमाग पोलीसही.

शाळेत पोलीस ठेवण्याची सुरुवात मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९५०च्या दशकात झाली. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर त्यासाठी केंद्राचा पैसा वाहू लागला. समुपदेशकांच्या वाट्याला तो उत्साह आला नाही. अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक हवा, असे तिथली समुपदेशकांची संघटना सांगते. साथीच्या तोंडावर देशाची सरासरी चारशेंच्या वर होती. टेक्सासमधल्या उव्हाल्डीत मे २०२२ मध्ये शाळेतल्या गोळीबारात १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या शाळामंडळाचे स्वतःचे पोलीस दल होते, तरी पोलीस तासाहून अधिक काळ वर्गाबाहेर थांबून राहिले. त्यानंतर शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी १०० कोटी डॉलर मंजूर झाले. ते अनुदान थांबवण्याचा निर्णय ट्रम्प प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. समुपदेशक अनुदान असेतो, पोलीस मात्र कायमचा. काळ सोकावतो तो असा.

अमेरिकेतल्या मराठी आईबापांनी मुलांच्या शाळेला एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्या मुलाची कोणती माहिती तुम्ही पोलिसांना देता? इथल्या आईबापांनाही तो विचारण्याची वेळ फार दूर नाही. तसा या बाबतीत आपला कायदा शहाणा आहे. मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावा, असे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे कलम २४ सांगते. वर्दीसमोर मूल बोलत नाही, हे आपल्या संसदेला २०१२ मध्येच कळले होते. केरळनेही भान ठेवले. लॉकडाउन लागल्यापासून ६६ मुलांनी आत्महत्या केल्याचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जुलै २०२० मध्ये सांगितले आणि पोलिसांच्या ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ उपक्रमातून ‘चिरी’ ही फोनसेवा सुरू झाली. व्यवस्था पोलिसांची, पण पलीकडून बोलायला प्रशिक्षण घेतलेली मुले आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ.

हीच कॅडेट योजना केंद्राने २०१८ मध्ये आठवी-नववीच्या मुलांसाठी देशभर नेली. ती महाराष्ट्रातही आहे. पोलिसांनी शाळेत येऊन रस्त्याचे नियम शिकवावेत, सायबर फसवणूक कशी ओळखायची ते सांगावे. त्याला कुणाची हरकत असणार? पण समुपदेशकाचे पद निघत नाही आणि हवालदार फुकटात मिळतो, म्हणून मुलांच्या मनातले ऐकण्याचे काम उद्या त्याच्या गळ्यात पडणार असेल, तर ते आत्ताच रोखले पाहिजे. शिक्षण खात्याने आणि गृहखात्याने पुढची साथ यायच्या आत मिळून लिहून ठेवावे: शाळेत आलेल्या पोलिसाने मुलाला काय विचारायचे, काय टिपून घ्यायचे, ती टिपणे कुणाच्या ताब्यात राहणार आणि किती दिवसांनी ती नष्ट होणार. आणि ते लिहिलेले प्रत्येक शाळेच्या पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.