जिंजीचं पोर

चेन्नईत घरी पाहुणे आले की गाडी आपोआप ईसीआरला लागते. ईस्ट कोस्ट रोड म्हणायची इथे कुणाला सवड नाही. पोंगलची गर्दी ओसरल्यावर साताऱ्याहून माझी नणंद आली. तिनं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि सुट्टीत महाराष्ट्रातले निम्मे किल्ले पायाखाली घातले. सदराला विषय सुचत नाही अशी माझी कुरकुर तिनं दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘घरात बसून काय सुचणार? फिरायला चल.’’ लिहिणाऱ्याला हा सल्ला सगळेच देतात. तो फुकट असतो, पेट्रोल आपलं जातं.

कल्कींना मात्र तो मानवला होता. रा. कृष्णमूर्ती ऊर्फ कल्की म्हणजे तमिळ ऐतिहासिक कादंबरीतलं सर्वांत मोठं नाव. मामल्लपुरमच्या वाळूत ते एका चांदण्या रात्री टी. के. चिदंबरनाथ मुदलियार या रसिक मित्राबरोबर बसले होते. तिथेच कादंबरीतली माणसं डोळ्यांसमोर उभी राहिली, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पुढे बऱ्याच वर्षांनी, 1944 ते 1946 या काळात, ‘शिवकामियिन सबदम्’ म्हणजे शिवकामीची शपथ त्यांच्या साप्ताहिकात आठवड्या-आठवड्यानं छापून आली.

मुट्टुकाडूची खाडी मागे पडेपर्यंत मी नणंदेला ही गोष्ट सांगत होते. आयनर नावाचा शिल्पकार, त्याची नर्तकी मुलगी शिवकामी, तिच्यावर जीव जडलेला पल्लव राजपुत्र नरसिंहवर्मन. त्यालाच मामल्ल म्हणत, गावाचं नाव त्याच्यावरून. शत्रू शिवकामीला पकडून वातापीला नेतो. वातापी जळाल्याशिवाय इथून हलणार नाही, अशी ती शपथ घेते. आणि 642च्या सुमारास नरसिंहवर्मननं वातापी घेतली, हा तर इतिहासच आहे.

‘‘वातापी म्हणजे बदामी ना? मग तो शत्रू कोण?’’

‘‘दुसरा पुलकेशी.’’

ती गप्प झाली. ज्या पुलकेशीनं हर्षाला नर्मदेवर अडवलं, ज्याच्या ऐहोळे शिलालेखात तीन महाराष्ट्रकांची नव्व्याण्णव हजार गावं मोजलीत, तो तिनं तीस वर्षं खडू झिजवून पोरांच्या गळी उतरवला होता. ‘‘म्हणजे आमचा पुलकेशी इथं खलनायक?’’ (‘आमचा’ या शब्दावर बदामीच्या लोकांचा पहिला हक्क आहे, पण गाडीत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.) गंमत म्हणजे याच कादंबरीत आयनरला ध्यास आहे तो अजिंठ्याच्या रंगांचं गुपित कळण्याचा. रंग आमचे हवेत, राजा नको.

मामल्लपुरमला मी वही उघडून बसले. समुद्राकाठचं देऊळ पाहिलं, अर्धवट राहिलेले रथ पाहिले. मग गंगावतरणाच्या त्या प्रचंड कातळापुढे उभी राहिले. त्यात एक मांजर आहे. मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर धरून ते तपश्चर्या करतंय आणि उंदीर त्याच्या पायाशी बिनघोर जमलेत. माझी नऊ वर्षांची मुलगी हसून हसून दमली. कुणा पाथरवटानं तेराशे वर्षांपूर्वी गोष्ट पुरी करून टाकली होती, मला हात घालायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी वाळूतही बसून पाहिलं. डास चावले. वहीत एकच शब्द होता, ‘मांजर’.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिंजीकडे निघालो. गाडी चालवणाऱ्या अण्णांना वाटेत कुठेही कॉफीला थांबायला निमित्त लागत नाही, म्हणून तिंडीवनमला थांबलो. तिथून पश्चिमेला वळलं की डोंगरांची जात बदलते. सह्याद्रीचे कडे, पायऱ्या-पायऱ्यांची कातळं पाहिलेल्या डोळ्यांना हे कळतच नाही. घरंगळून येऊन मध्येच थांबल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे. ‘‘हा डोंगर आहे की कुणी खडी ओतलीय?’’ नणंद म्हणाली. पण तटबंदी दिसली तशी तिनं ओढणी कमरेला बांधली.

पायथ्याशी काकड्या-पेरू विकणारी एक आजी होती. नणंदेनं तिला मोठ्या अभिमानानं, माझ्या मुलीला दुभाषी करून, सांगितलं की आम्ही शिवाजी महाराजांच्या गावाकडचे. आजीनं विचारलं, ‘‘सिवाजी? गणेसना?’’ तिचं काय चुकलं? अण्णादुराईंच्या नाटकात महाराजांची भूमिका केली म्हणून एका नटाला शिवाजी हे नाव कायमचं चिकटलं, आणि या राज्यात त्या नटाला न ओळखणारं माणूस सापडणं अवघड. मग आजीनं आम्हाला तिची जिंजी सांगितली. तिच्या जिंजीचा राजा देसिंगु, म्हणजे तेजसिंह बुंदेला. दिल्लीत कुणाला न आवरलेला घोडा त्यानं आवरला. अर्काटच्या नवाबाशी लढायला निघाला तेव्हा त्याचा मुसलमान मित्र स्वतःच्या लग्नातून उठून आला. दोघंही पडले. 1714 सालची ही लढाई, राजा अवघा बाविशीचा. राणी सती गेली आणि नवाबानं तिच्या नावानं राणीपेट वसवलं. गावोगाव याचे पोवाडे झाले, एम. जी. आर. यांचा सिनेमाही आला.

‘‘आणि राजाराम महाराज?’’ नणंदेनं विचारायला लावलं. आजीनं पेरूला तिखट-मीठ लावलं. तिला ते ठाऊक नव्हते.

1677 साली महाराजांनी जिंजी घेतली. बारा वर्षांनी, संभाजीराजांच्या हत्येनंतर, राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेष पालटून निघाले ते इथे आले. झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षं पडला. तेवढा काळ मराठ्यांची राजधानी या धोंड्यांत होती. प्रतिनिधी हे पद इथलंच, आणि वतनाच्या कागदासाठी देशावरून माणसं इथवर यायची. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. आमच्या लेखी जिंजी म्हणजे एवढंच. देसिंगु आम्हाला कोणी शिकवला नाही, आजीला राजाराम कोणी सांगितला नाही, आणि किल्ला मात्र दोघींचा.

राजगिरी साधारण आठशे फूट उंच आहे. उन्हानं जीव काढला. नणंद पुढे, मी मागे, आणि मधे मुलगी मोठ्यानं पायऱ्या मोजत होती. ऒण्णु, रेंडु, मूणु. ती चेन्नईतच जन्मली, आकडे तिला तमिळमध्येच येतात. मराठीत मोज म्हटलं की एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये ती अडकते. (याबाबतीत मी तिच्या बाजूची आहे.) माथ्याच्या अलीकडे कातळात एक खोल भेग आहे, तिच्यावर पूल. तिथे टेकले तेव्हा वही काढली. लिहिलं ते असं: 1690 साली जिंजीत एका मराठी कारकुनाला मुलगा होतो. बाप दिवसभर मोडीत पत्रं लिहितो. पोर खाली पेठेत खेळतं, तिथली भाषा बोलतं. घरात रोज आपलं गाव, आपला वाडा, आपली नदी यांच्याच गोष्टी. 1698 साली किल्ला पडतो आणि आठ वर्षांचं पोर, कधी न पाहिलेल्या गावी

इथे पेन थांबलं, कारण मुलीनं पेरू मागितला.

परतीच्या वाटेवर गाडीत हे वाचून दाखवलं. नणंदेला आवडलं. ‘‘वाक्य पुरं कर की. ‘कधी न पाहिलेल्या गावी परत आलं.’ ’’

‘‘परत गेलं,’’ मी म्हटलं.

‘‘अगं, गाव आपलंय. आलं म्हणायचं.’’

‘‘ते जिंजीतून निघालंय. जिंजीतून बघितलं तर गेलंच.’’

‘‘पण तू जिंजीतून कशाला बघतेस?’’

तिंडीवनम येईपर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी अण्णांनी आरशातून बघत मुलीला विचारलं, या दोघींचं काय चाललंय? तिनं पुढच्या सीटवर वाकून त्यांना सगळी गोष्ट तमिळमध्ये सांगितली, कारकून, किल्ला, ते पोर. आणि शेवट केला, ‘‘तिरुंबि पोय्टान.’’ परत गेला.