तेंदूचे फळ आणि पोटातील गोळा

रायपूरच्या आसपासच्या वनांत तेंदू विपुल आहे. मराठीत त्यासच टेंभुर्णी म्हणतात. पानांच्या विड्या सर्वांस ठाऊक आहेत, फळाचा विचार मात्र विरळाच होतो. जपानी परसिमन हे याच प्रजातीतले. कच्च्या परसिमनातील टॅनिन जठरातील अम्लाशी मिळताच चिकट साका बनतो, त्यात साली व तंतू गुरफटतात आणि टणक गोळा तयार होतो. हाच बेझोअर. (प्राण्यांच्या पोटातील असे खडे एके काळी विषावर उतारा म्हणून सोन्याच्या मोलाने विकले जात!) गोळा आतड्यात अडकला की पोट फुगते, ओकाऱ्या होतात, वाताचेही निस्सरण थांबते. जठराचा भाग काढलेल्यांस आणि मधुमेहाने जठर मंदावलेल्यांस धोका अधिक. तेंदूकडेही याच दृष्टीने पाहणे युक्त होय.

आतडे बंद झाले की अंतर्गळ, अर्बुद किंवा जुन्या शस्त्रक्रियेनंतरचे चिकटबंध यांचीच शंका प्रथम येते, आणि ते योग्यही आहे. परंतु उन्हाळ्यात वनप्रदेशातून आलेल्या रुग्णास ‘काय खाल्ले?’ एवढे विचारून भागणार नाही. तो भात-भाजी सांगेल. रानात येता-जाता तोंडात टाकलेले फळ त्याच्या लेखी खाणे नव्हेच. तेव्हा तेंदूचे नाव घेऊनच विचारले पाहिजे.